अपस्मारग्रस्त कुत्र्याचे हृदय

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातील नगर संत्र्याच्या बागांसाठी आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. रानडुकरे, रोही व माकडे यांच्यापासून बागेचे रक्षण व्हावे म्हणून या भागात राखणीची कुत्री बाळगली जातात. असे एखादे कुत्रे एकाएकी आडवे होते, पाय ताठ करते, त्याच्या तोंडाला फेस येतो आणि काही वेळाने ते उठून बसते, तेव्हा “मिरगी आली” एवढे म्हणून धनी मोकळा होतो. पशुवैद्याला मात्र तेथे थांबता येत नाही. हा झटका मेंदूतून उद्भवला, की हृदय क्षणभर थांबल्यामुळे आला, की बागेत फवारलेल्या औषधाने मेंदू व हृदय या दोहोंवर एकाच वेळी आघात केला, हे त्याला ठरवावे लागते. या तिन्ही अवस्थांचे बाह्य रूप बरेचसे सारखे असते; उपचार मात्र भिन्न, किंबहुना काही बाबतींत परस्परविरोधी असतात. एका अवस्थेत जीव वाचविणारे औषध दुसरीत जीव घेऊ शकते. अपस्मार आणि हृदय यांच्या परस्परसंबंधाचा विचार म्हणूनच केवळ तात्त्विक कुतूहलाचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात या संबंधाचे स्वरूप, त्याचे निदानातील महत्त्व व औषधयोजनेवर होणारा त्याचा परिणाम यांचे विवेचन केले आहे.

संज्ञा व व्याप्ती

‘अपस्मार’ ही संज्ञा प्राचीन आहे. चरकसंहितेत स्मृतीचा अपगम हे या रोगाचे मुख्य लक्षण मानले असून, दोष हृदयात स्थिर झाले असता तो उत्पन्न होतो असे म्हटले आहे. त्या शास्त्रात हृदय हे मनाचे व संज्ञेचे अधिष्ठान समजले जात असल्यामुळे हे विधान आजच्या शारीरक्रियाविज्ञानाच्या अर्थाने घेणे योग्य होणार नाही. परंतु जाणीव हरपण्याच्या विकाराचा विचार करताना हृदयाकडे दृष्टी वळवावी लागते, हा अनुभव मात्र जुना आहे.

आधुनिक व्याख्येप्रमाणे मेंदूतील चेतापेशींच्या समूहाकडून एकाच वेळी होणाऱ्या अतिरिक्त विद्युत्-विसर्गामुळे जो क्षणिक विकार प्रकट होतो, त्यास अपस्माराचा झटका म्हणतात. चोवीस तासांहून अधिक अंतराने, तात्कालिक बाह्य कारणावाचून, निदान दोन झटके आल्याशिवाय ‘अपस्मार’ हे निदान केले जात नाही. पशुवैद्यकातील अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एकमत-निवेदनांत ही व्याख्या स्वीकारलेली आहे. ज्या अपस्माराचे कारण आनुवंशिक असते किंवा सापडत नाही, त्यास अज्ञातहेतुक अपस्मार म्हणतात. त्याचा आरंभ बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत होतो. पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ चालणारा झटका, अथवा मध्ये शुद्ध न येता लागोपाठ येणारे झटके, यांस सतत अपस्मार म्हणतात. चोवीस तासांत दोन किंवा अधिक स्वतंत्र झटके आल्यास त्यांस झटक्यांचा समूह म्हटले जाते. इंग्लंडमधील सामान्य पशुचिकित्सालयांतील नोंदींवरून २०१३ साली केलेल्या गणनेत कुत्र्यांतील अपस्माराचे प्रमाण शेकडा ०.६२ आढळले होते. कुत्र्यांत वारंवार आढळणाऱ्या मज्जासंस्थेच्या विकारांत त्याची गणना होते, ती यामुळेच.

प्रयोगशाळेतील पूर्वेतिहास

मेंदू व हृदय या दोन्ही इंद्रियांच्या विद्युत्-क्रियेचे ज्ञान माणसाला मोठ्या प्रमाणात कुत्र्याच्या साहाय्याने झाले आहे. १८७० साली बर्लिन येथे गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्यपटलास सौम्य विद्युत्-प्रवाहाने उत्तेजित केले, तेव्हा विरुद्ध बाजूच्या अवयवांची हालचाल झाली. बाह्यपटल विद्युतीय उत्तेजनास प्रतिसाद देत नाही हा तत्कालीन समज त्यामुळे दूर झाला. याच प्रयोगांत काही कुत्र्यांना अपस्मारासारखे झटकेही आले. अपस्मार हा बाह्यपटलातून उद्भवू शकतो या मतास त्यामुळे प्रायोगिक आधार मिळाला. कुत्र्याच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख १९१२ साली व्लादिमिर प्रावदिच-नेमिन्स्की यांनी प्रसिद्ध केले. मानवी मेंदूच्या लहरींवरील हान्स बेर्गर यांचा पहिला प्रबंध त्यानंतर, १९२९ साली प्रकाशित झाला.

हृदयाच्या बाबतीतही असेच घडले. ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली लंडनमध्ये मानवी हृदयाचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला. पुढे आपल्या पाळलेल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते त्याच्या हृदयाचे आलेखन प्रेक्षकांना करून दाखवीत. १९०९ सालच्या अशा एका प्रात्यक्षिकावरून प्राण्याच्या छळाचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात उपस्थित झाला. वस्तुतः कुत्रे केवळ पाण्यात उभे होते.

या दोन धारा एकत्र येण्याचे एक लक्षणीय उदाहरण १९५० सालचे आहे. हॅरिस व कोकरनॉट यांनी हृद्‌रोहिणी बांधून कुत्र्यांत हृदयविकार निर्माण केला आणि त्यातून उद्भवणाऱ्या जवनिकेच्या अकाली ठोक्यांवर फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचा परिणाम तपासला. हे औषध हृदयाचा बिघडलेला ताल शमवते असे त्यांना दिसले. चेतापेशी आणि हृत्स्नायू या दोहोंच्या पटलांवर सोडियमच्या आयनांचे मार्ग असतात व दोहोंची उत्तेजनक्षमता त्यांच्यावर अवलंबून असते. हे औषध त्या मार्गांना आवर घालते. म्हणून एकच द्रव्य दोन भिन्न इंद्रियांवर परिणामकारक ठरते. हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू पडते. हृदयाचा ताल सुधारण्यासाठी शिरेतून दिले जाणारे लिडोकेन प्रमाणाबाहेर गेले, तर कुत्र्याला झटके येतात.

मेंदूकडून हृदयाकडे

हृदय स्वतःच्या गतिकारकाने चालते; परंतु त्याच्या वेगावर स्वायत्त मज्जासंस्थेचे नियंत्रण असते. अनुकंपी मज्जातंतू वेग व आकुंचनाचा जोर वाढवितात, तर व्हेगस ऊर्फ प्राणेशा मज्जातंतू वेग मंद करतो. निरोगी कुत्र्यात विश्रांतीच्या वेळी प्राणेशेचा प्रभाव एवढा प्रबळ असतो की श्वास घेताना नाडी जलद व सोडताना मंद होते. हा श्वसनानुसारी तालबदल कुत्र्यात स्वाभाविक आहे. मानवी वैद्यकाची सवय असलेला निरीक्षक त्याला रोग समजण्याची चूक करण्याचा संभव असतो.

स्वायत्त मज्जासंस्थेची उच्च केंद्रे अधश्चेतक, मेंदूच्या पार्श्वखंडाचा आतील भाग व मस्तिष्कस्तंभ येथे आहेत. अपस्माराचा विद्युत्-विसर्ग या केंद्रांपर्यंत पोचला की हृदय त्यात ओढले जाते. सार्वदेहिक झटक्यात अनुकंपी संस्थेची एकाएकी व अतिशय तीव्र उद्दीपना होऊन रक्तात ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचा पूर येतो. नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो, हृत्स्नायूची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमक्या याच वेळी छातीचे स्नायू आखडल्यामुळे श्वसन अपुरे पडते. गरज अधिक व पुरवठा कमी अशी ही स्थिती असते. तीत भर म्हणून स्नायूंच्या सततच्या आकुंचनामुळे रक्तातील आम्लता व शरीराचे तापमान वाढते.

याचा परिणाम हृत्स्नायूवर प्रत्यक्ष दिसू शकतो. मेंदूला इजा झालेल्या पाळीव प्राण्यांत हृत्स्नायूचा ऱ्हास व मृतीकरण आढळल्याची निरीक्षणे १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मज्जातंतूंच्या टोकांशी मुक्त झालेली नॉरॲड्रेनॅलीनसारखी द्रव्ये स्नायुपेशींत कॅल्शियमचा अतिरिक्त प्रवेश घडवून आणतात आणि त्या पेशी आकुंचित अवस्थेतच मरतात, अशी याची उपपत्ती आहे. हृत्स्नायूच्या पेशींना इजा झाली असता ट्रोपोनिन-आय हे प्रथिन रक्तात उतरते. गेल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासांत झटक्यांचा समूह येऊन गेलेल्या कुत्र्यांच्या रक्तात या प्रथिनाचे प्रमाण निरोगी कुत्र्यांपेक्षा अधिक आढळले. एकट्यादुकट्या, अल्पकालीन झटक्याने हृदयाचे कायमचे नुकसान होते असा याचा अर्थ नाही. झटक्यांची संख्या व कालावधी वाढेल तसा हृदयावरील भार वाढतो, एवढाच निष्कर्ष त्यातून काढता येतो. चिकित्सेच्या दृष्टीने तोही पुरेसा महत्त्वाचा आहे. कारण झटके लवकर थांबविणे हे हृदयाचेही रक्षण ठरते.

दीर्घ झटक्यानंतर काही कुत्र्यांत फुप्फुसांत पाणी भरते. हृदय मूलतः निरोगी असतानाही हा प्रकार घडतो. रक्तवाहिन्यांचे तीव्र आकुंचन होऊन रक्त फुप्फुसांकडे लोटले जाते व तेथील केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. झटका संपून काही वेळ झाल्यावरही धाप कमी न होणे हे त्याचे सूचक चिन्ह आहे. अशा कुत्र्याला केवळ ‘दमले आहे’ असे समजून सोडून देणे धोक्याचे असते.

सर्वांत गंभीर प्रश्न आकस्मिक मृत्यूचा आहे. अपस्मार असलेल्या प्रौढ माणसांत दरवर्षी हजारी सुमारे एक व्यक्ती अशा रीतीने मृत्यू पावते, आणि शवपरीक्षेत त्याचे अन्य कारण सापडत नाही. रुग्णालयांत मेंदू व हृदय यांचे आलेखन चालू असताना घडलेल्या अशा मृत्यूंचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या दहा रुग्णांच्या पुरेशा नोंदी उपलब्ध होत्या, त्यांत एक समान क्रम दिसला. सार्वदेहिक झटक्यानंतर श्वसन प्रथम जलद झाले, मग श्वसन व हृदय दोन्ही मंदावले, श्वसन कायमचे थांबले व त्यानंतर हृदय बंद पडले. अंतिम घटना हृदयाची असली तरी तिच्या आधी श्वसनाचा लोप झाला होता. अपस्मारग्रस्त कुत्र्यांतही असे आकस्मिक मृत्यू नोंदले गेले आहेत. मानवी अनुभव कुत्र्याला जसाच्या तसा लागू करणे बरोबर नसले, तरी एक व्यावहारिक धडा त्यातून निश्चित मिळतो : झटका संपला म्हणजे धोका संपला असे नव्हे. त्यानंतरच्या काही मिनिटांत श्वासमार्ग मोकळा ठेवणे व श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवणे आवश्यक आहे.

प्राणेशा मज्जातंतूचा हृदयाशी संबंध आहे तसा मेंदूशीही आहे. कारण त्यातील बहुसंख्य तंतू संवेदना वर नेणारे आहेत. जेकब झबारा यांनी कुत्र्यांत या मज्जातंतूस वारंवार विद्युत्-उत्तेजन देऊन कृत्रिम झटके थोपविता येतात असे दाखविले. त्यांचे हे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. अशा उत्तेजक यंत्रास अमेरिकेत १९९७ साली मानवी रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मात्र २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दहा अपस्मारग्रस्त कुत्र्यांवरील परीक्षणात संपूर्ण कालावधीचा विचार करता झटक्यांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. शेवटच्या चार आठवड्यांत तेवढी घट दिसली.

हृदयाकडून मेंदूकडे

मेंदूला प्राणवायू व ग्लुकोज यांचा साठा करता येत नाही. हृदयाचे कार्य काही सेकंद थांबले वा अतिशय जलद होऊन निष्फळ ठरले, तरी शुद्ध हरपते. यास मूर्च्छा म्हणतात. मूर्च्छेतील कुत्रे मान मागे टाकते, पाय ताठ करते, प्रसंगी त्याचे मूत्रही सुटते. म्हणून मूत्रविसर्जन हे अपस्माराचे खात्रीचे लक्षण मानता येत नाही.

दोहोंतील भेद पुढील बाबींवरून करावा लागतो. मूर्च्छा बहुधा धावणे, उत्तेजित होणे किंवा खोकणे यांच्या संदर्भात येते. अपस्माराचा झटका पुष्कळदा विश्रांतीत किंवा झोपेत येतो. मूर्च्छेत शरीर प्रायः ढिले पडते, हिरड्या फिकट होतात व प्रकार काही सेकंदांत आटोपतो. अपस्मारात प्रथम ताठरपणा व नंतर तालबद्ध आचके येतात, जबडा चावल्यासारखा हलतो, लाळ गळते आणि झटका एक-दोन मिनिटे टिकतो. सर्वांत मोलाचा फरक नंतरच्या अवस्थेत असतो. मूर्च्छेतून उठलेले कुत्रे जवळजवळ तत्काळ पूर्ववत् होते. अपस्मारातून उठलेले कुत्रे गोंधळलेले असते, भिंतीवर आदळते, धन्याला ओळखत नाही, येरझारा घालते किंवा अधाशासारखे खाऊ लागते. ही अवस्था काही मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत राहू शकते. ट्रोपोनिनच्या मोजणीने हा भेद निश्चित करता येईल काय, याचीही परीक्षा झाली आहे. हृदयजन्य मूर्च्छेत ते अधिक वाढते खरे. परंतु दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या या चाचणीवर निदान बसविता येत नाही.

जातीचा विचार येथे उपयोगी पडतो. बॉक्सर जातीत उजव्या जवनिकेच्या स्नायूचा आनुवंशिक विकार असून त्यात अकाली ठोक्यांमुळे मूर्च्छा व आकस्मिक मृत्यू संभवतो. चोवीस तासांच्या आलेखात असे शंभराहून अधिक ठोके आढळल्यास या विकाराचा दाट संशय घ्यावा लागतो. डोबरमन जातीत हृत्स्नायू शिथिल होऊन हृदय विस्तार पावते. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत उतारवयात कर्णिका व जवनिका यांमधील डाव्या बाजूची झडप निकामी होऊ लागते. इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनिएल जातीच्या एका कुटुंबात हृदयाच्या पोटॅशियम-मार्गाच्या जनुकातील दोषामुळे तरुण कुत्री अकस्मात मेल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, लागोटो जातीच्या पिलांतील सौम्य अपस्माराचे जनुक २०११ साली व ऱ्होडेशियन रिजबॅक जातीतील एका अपस्माराचे जनुक २०१७ साली ओळखले गेले. महाराष्ट्रात पाळल्या जाणाऱ्या कारवान या शिकारी जातीसंबंधी विशेष सावधगिरी हवी. ग्रेहाउंडसारख्या वेगवान जातींचे हृदय शरीराच्या मानाने स्वभावतःच मोठे असते. त्याच वळणाच्या कारवानच्या क्ष-किरणचित्रात दिसणारे मोठे हृदय अन्य जातींच्या मापाने मोजून रोगट ठरविणे घाईचे होईल.

विष, उष्मा व संसर्ग

वऱ्हाडातील परिस्थितीत निदानाचा विचार अपस्मार व मूर्च्छा या दोहोंवर थांबत नाही. संत्र्यावरील सिट्रस सायला, कोळशीस कारण होणारी काळी माशी इत्यादी किडींच्या बंदोबस्तासाठी आंबिया व मृग या दोन्ही बहरांत फवारण्या होतात. त्यांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांपैकी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा येथे विशेष विचार केला पाहिजे. ‘थिमेट’ या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेल्या फोरेटवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तथापि याच वर्गातील इतर द्रव्ये प्रचारात राहिली. या विषांची तीव्रता किती असू शकते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. कुत्रे फवारलेल्या गवतातून फिरते, अंग चाटते, डब्यात उरलेले पाणी पिते.

हे विष ॲसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या विकरास निकामी करते. साचलेले ॲसिटिलकोलिन मेंदूत झटके, स्नायूंत थरथर आणि हृदयात प्राणेशेच्या अतिरेकी उद्दीपनाची लक्षणे निर्माण करते. लाळ व अश्रू वाहणे, बाहुली बारीक होणे, उलटी, हगवण, श्वासनलिकांत स्राव साचणे व नाडी मंदावणे हे त्याचे नेहमीचे चित्र होय. मात्र स्वायत्त गंडिकांच्या उद्दीपनामुळे आरंभी नाडी जलदही असू शकते; म्हणून जलद नाडीवरून विषबाधा नाकारू नये. येथे ॲट्रोपिन हे जीवरक्षक औषध आहे, पण प्राणवायूची कमतरता असलेल्या हृदयावर ते एकदम दिल्यास जवनिकांचे स्फुरण होण्याचा धोका असतो. शक्य तेथे श्वसन प्रथम सुधारावे, हा नियम त्यासाठीच आहे. खऱ्या अपस्मारात हेच ॲट्रोपिन निरुपयोगी असून जलद हृदयाला अधिक जलद करणारे ठरते.

परिसरातील इतर दोन विषेही ध्यानात ठेवावी लागतात. कण्हेर व पिवळी कण्हेर यांतील द्रव्ये डिजिटालिससारखी असून ती हृदयातील विद्युत्-वहन रोखतात. पावसाळ्यात बेडकाच्या जातीचा भेक तोंडात धरणाऱ्या कुत्र्याला विपुल लाळ, झटके व हृदयाचा तालभंग हे सर्व थोड्याच वेळात होऊ शकते.

उष्मा हे या भागातील स्वतंत्र कारण मानले पाहिजे. अकोला व अमरावती भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. धापेनेच ते उष्णता बाहेर टाकते. त्याचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले की उष्माघाताने झटके व तालभंग दोन्ही होऊ शकतात, आणि उलट दीर्घ झटक्याने तापमान त्याच पातळीवर चढते. म्हणून उन्हाळ्यातील झटक्यात तापमापक लावणे हे हृदय ऐकण्याइतकेच आवश्यक आहे.

संसर्गांपैकी अलर्क रोगाचा विचार सर्वप्रथम हवा. लस न टोचलेल्या व अलीकडे स्वभाव पालटलेल्या कुत्र्याला झटके येत असल्यास, तपासणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न निदानाच्या आधी येतो. डिस्टेंपर रोगात चघळल्यासारखे जबड्याचे झटके व झोपेतही चालू राहणारे स्नायूंचे उडणे दिसते. रक्तातील परोपजीवीमुळे होणारा सर्रा हा रोग मेंदू व हृत्स्नायू या दोहोंना ग्रासू शकतो. पिले पाजणाऱ्या कुत्रीत रक्तातील कॅल्शियम घटून आकडी येते. तिला शिरेतून कॅल्शियम देताना ते अतिशय सावकाश व हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. वेग वाढल्यास तेच औषध हृदय थांबविते.

औषधयोजनेतील गुंतागुंत

अपस्मारावरील दोन जुनी औषधे आजही पशुवैद्यकात आधारभूत आहेत. ब्रोमाइडचा उपयोग चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली व फेनोबार्बिटालचा उपयोग आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ साली मानवी रुग्णांत सुचविला. लेव्हेटिरासेटाम व इमेपिटॉइन ही अलीकडची औषधे होत. हृदयविकार व अपस्मार एकाच कुत्र्यात असतील, तर पुढील गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

फेनोबार्बिटाल यकृतातील विकरांची निर्मिती वाढविते. परिणामी प्रोप्रानोलॉल, डिजॉक्सिन यांसारख्या हृदयावरील औषधांचा शरीरातून निचरा त्वरेने होऊन नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. याच्या उलट, फेनोबार्बिटाल बंद केल्यावर काही आठवड्यांनी तीच मात्रा अधिक ठरण्याचा संभव असतो. या औषधाने भूक वाढते. वजन वाढू दिले तर हृदयावरचा बोजा वाढतो व धापेचे कारण ओळखणे अवघड होते.

ब्रोमाइडचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते व तेथे क्लोराइडशी त्याची स्पर्धा असते. कुत्र्यात त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, म्हणून रक्तातील पातळी स्थिर होण्यास सुमारे तीन महिने जातात. आता हृदयविकार जडलेल्या अशा कुत्र्याला मीठ कमी केलेला आहार सुरू केला, तर क्लोराइड घटल्यामुळे ब्रोमाइड शरीरात साचते आणि कुत्रे सुस्त, लटपटते व गुंगीत राहते. हीच स्थिती हृदयविकार बळावल्याची म्हणून चुकीने वाचली जाऊ शकते. याउलट फुप्फुसांतील पाणी कमी करण्यासाठी फ्युरोसेमाइड दिल्यास क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही मूत्रावाटे निघून जाते व दबलेले झटके पुन्हा सुरू होतात. म्हणजे एका उपचाराने विषबाधा व दुसऱ्याने रोगाचे पुनरागमन, असे दोन्ही धोके हृदयाच्या चिकित्सेतून उद्भवतात. आहारातील मिठाचे प्रमाण स्थिर ठेवणे व ब्रोमाइडची पातळी वारंवार मोजणे हाच त्यावर मार्ग आहे. लेव्हेटिरासेटामचा यकृतातील विकरांशी फारसा संबंध येत नाही, त्यामुळे अशा रुग्णांत ते सोयीचे पडते; मात्र ते दिवसातून तीन वेळा द्यावे लागते आणि त्याचा खर्च प्रत्येक पालकास झेपतोच असे नाही.

चालू झटका थांबविण्यासाठी मिडाझोलाम नाकपुडीवाटे फवारून देता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात या उपायाने २० पैकी १४ कुत्र्यांचा झटका थांबला, तर गुदमार्गे डायझेपाम दिलेल्या १५ पैकी केवळ ३ कुत्र्यांचा थांबला. गावपातळीवर पुष्कळदा हाताशी असलेले झायलाझिन देऊन कुत्र्यास शांत केले जाते. या औषधाने हृदयाचा वेग मंदावतो, कर्णिका व जवनिका यांमधील वहन अडते व उलटी होते. विषबाधेने किंवा हृदयविकाराने आधीच मंद झालेल्या हृदयावर ते देणे अनिष्ट होय.

परीक्षणाचा क्रम

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम सहज निश्चित होतो. प्रथम प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून घटनेची हकीकत घ्यावी : आधी काय चालले होते, किती वेळ लागला, नंतर कुत्रे कसे वागले, फवारणी केव्हा झाली, लस कधी टोचली. भ्रमणध्वनीवर घेतलेली चित्रफीत येथे शब्दांपेक्षा अधिक सांगते. त्यानंतर तापमान, हिरड्यांचा रंग, बाहुलीचा आकार व लाळ पाहावी. हृदय किमान एक पूर्ण मिनिट ऐकावे आणि त्याच वेळी मांडीतील नाडी हाताखाली ठेवावी. ठोका ऐकू येतो पण नाडी लागत नाही, असे घडल्यास अकाली ठोक्यांचा संशय घ्यावा. रक्तातील ग्लुकोज व कॅल्शियम मोजावे, रक्तलेप पाहावा, रक्तदाब घ्यावा आणि विद्युत्-हृदयालेख काढावा. तो निर्दोष निघाला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही, कारण तालभंग अधूनमधून होणारा असू शकतो. अशा वेळी चोवीस तासांचे आलेखन आवश्यक ठरते. मेंदूचे चुंबकीय प्रतिमादर्शन व मेरुजलाची परीक्षा या पायऱ्या त्यानंतरच्या होत. त्यांसाठी भूल द्यावी लागते, आणि भूल देण्यापूर्वी हृदयाची परीक्षा पूर्ण झालेली असणे हे आणखी एक कारण हा क्रम पाळण्यास आहे.

पालकास द्यावयाच्या सूचना थोड्या पण स्पष्ट असाव्यात. झटका चालू असता कुत्र्याच्या तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा वा जोडा हुंगविण्याने काही साधत नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, उन्हातून सावलीत न्यावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास किंवा दिवसात दुसरा आल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. औषध एकाएकी बंद करू नये. अपस्मारग्रस्त कुत्र्यांत जीवघेणे सतत झटके येण्याचे ते एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

संशोधनास वाव

विदर्भात नागपूर येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोला येथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, आणि या दोन्ही संस्था २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अपस्मारग्रस्त कुत्र्याच्या हृदयासंबंधीचे वर उल्लेखिलेले ज्ञान प्रामुख्याने थंड प्रदेशांतील, घरात पाळलेल्या विदेशी जातींच्या निरीक्षणांवर आधारलेले आहे. देशी कुत्र्याच्या हृदयाची स्वाभाविक मापे, कारवान जातीचे प्रमाण हृदयालेख, वऱ्हाडी उन्हाळ्यात झटक्यानंतर ट्रोपोनिनमध्ये होणारा फेरफार आणि फवारणीच्या हंगामात झटक्यांसाठी आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांतील रक्तगत कोलिनएस्टरेजची पातळी, हे चार विषय स्नातकोत्तर प्रबंधांच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. एक हृदयालेखयंत्र, रक्तपरीक्षेची सामान्य सोय आणि झटक्याची तारीख, वेळ, कालावधी, तापमान व नाडी यांची एकसारख्या नमुन्यात ठेवलेली नोंदवही एवढ्यावर आरंभ करता येतो. शेंदूरजनाघाटसारख्या गावांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांतून अशा नोंदी दोन-तीन वर्षे सातत्याने ठेवल्या गेल्या, तर बागेतील कुत्र्याच्या झटक्यांपैकी किती मेंदूचे, किती हृदयाचे व किती विषाचे, या प्रश्नास प्रथमच आकड्यांत उत्तर देता येईल.